बोर्डावरचा फोटो आणि अल्बममधला फोटो

लग्नाच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक नवा माल आला आहे. २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि मांडववाले, केटरर, घोडेवाले सगळेच बसले. फोटोवाल्यांनी मात्र वाट काढली. चार जवळची माणसं, फिकट रंगाची साडी, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, जुन्या दगडी इमारतीचा जिना, रजिस्टरवर सही करणारा हात. त्याला नाव दिलं ‘कोर्ट वेडिंग’, आणि जरा जास्त पैसे मोजले तर ‘इलोपमेंट शूट’. इलोपमेंट म्हणजे मराठीत पळून जाणं. आईवडील गाडीतून बरोबर आलेले, आत्या पेढ्यांचा पुडा धरून उभी, आणि हे म्हणे पळून जाणं!

माझा या जोडप्यांवर राग नाही. साध्या लग्नासाठी आपणच गळा सुकेपर्यंत बोललो आहोत. हुंडा नको, आहेर नको, मानपान नको असं म्हणणाऱ्या कुठल्याही जोडप्याचे फोटो मी आनंदाने काढते. १९९६ पासून माझं पोट याच धंद्यावर आहे. आमच्या जिल्ह्याच्या विवाह नोंदणी कचेरीतला कारकून मला नावाने ओळखतो. पण त्याच कचेरीच्या भिंतीवर दुसराही एक फोटो लागतो. त्याचे पैसे कुणी मोजत नाही, तो कुणी फ्रेम करत नाही, आणि त्याने मुलींचे जीव धोक्यात येतात. मला बोलायचं आहे ते त्या फोटोबद्दल.

आधी शब्दाकडे बघू. ‘तो पळून गेला’ असं लग्नाच्या संदर्भात आपण म्हणत नाही. म्हणतो, ‘त्याने तिला पळवून नेली.’ मुलगी म्हणजे गोठ्यातली गाय. कुणीतरी दावं सोडलं आणि नेली. ती स्वतःच्या पायाने गेली, तिने ठरवलं, कदाचित तिनेच त्याला धीर दिला, हे आपल्या वाक्यरचनेत बसतच नाही. पोलीस ठाण्यातही हीच भाषा चालते. आधी मुलगी हरवल्याची तक्रार, मग अपहरणाचा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेची ३६३ आणि ३६६ ही कलमं लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलून १३७ आणि ८७ झाले. मुलगी तेवीस वर्षांची असली तरी बाप म्हणतो ‘आमची अजाण पोर’ आणि हवालदार मान डोलावतो. शहरातल्या श्रीमंत जोडप्याला जो शब्द इंग्रजीत गोड वाटतो, तोच मराठीत उच्चारला की मुलामागे गुन्हा लागतो आणि मुलीमागे भाऊ.

कोर्ट नसलेलं कोर्ट

आपण ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो, पण त्यात कोर्ट कुठे नसतं. न्यायाधीश नाही, वकील नाही. असतो तो विवाह अधिकारी, त्याचं टेबल, संगणक, रजिस्टर आणि बाहेर बाकावर बसलेली गर्दी. कायदा आहे १९५४ चा विशेष विवाह कायदा. जात, धर्म न विचारता, धर्म न बदलता, दोन सज्ञान माणसांना लग्न करता यावं म्हणून तो आला. त्याआधीचा १८७२ चा कायदा तर ‘मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही’ असं लिहून घ्यायचा. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना ही सक्ती उरली नाही.

या कायद्याचा आपल्याला अभिमान वाटावा असं त्यात बरंच आहे. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदारांसमोर आणि अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकच वाक्य म्हणायचं: मी तुझा किंवा तुझी कायदेशीर जोडीदार म्हणून स्वीकार करते आहे. तिचं वाक्य आणि त्याचं वाक्य सारखंच. तिला कुणी दान देत नाही, कुणी दान घेत नाही. ती स्वतः सही करते. मी सप्तपदीचे हजारो फोटो काढले असतील. त्यात नवरीची मान खाली असते, पदर कुणीतरी दुसरं सावरत असतं आणि ‘नवरी, जरा लाजल्यासारखं करा’ असं माझेच सोबती सांगत असतात. नोंदणीच्या टेबलाशी मात्र बाईला वाकून सही करावी लागते, अधिकाऱ्याच्या प्रश्नाला तोंडाने उत्तर द्यावं लागतं. लग्नाच्या दिवशी बोलणारी, लिहिणारी बाई कॅमेऱ्यात सापडते ती इथेच. रत्नागिरीत १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांचं लग्न असंच नोंदणी पद्धतीने झालं. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचंही. जात मोडायची तर आंतरजातीय लग्नं व्हायला हवीत, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये स्पष्ट मांडलं होतं. १९५४ चा कायदा त्या वाटेवरचं सरकारी दार आहे. प्रश्न असा की, या दाराशी सरकारने पहारेकरी कुणाचा बसवला?

तीस दिवसांचा बोर्ड

लग्न करण्याआधी जोडप्याने नोटीस द्यायची. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस राहिलेला हवा. नोटीस आली की अधिकारी ती विवाह नोटीस वहीत नोंदवतो. ही वही पाहायला कुणालाही परवानगी आहे, आणि तीही फुकट. नोटिशीची एक प्रत कचेरीत ठळक जागी लावायची. मुलगी मूळची दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे प्रत जाते आणि तिथेही भिंतीवर चढते. म्हणजे ज्या गावातून ती जीव मुठीत घेऊन निघाली, त्याच जिल्ह्याच्या ठिकाणी तिचा पत्ता तिच्याआधी पोचतो. मग तीस दिवस थांबायचं. या तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. १८७२ च्या कायद्यात ही मुदत चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने ती तीस केली!

आता कायद्यातला नोटिशीचा नमुना काढून बघा. त्यात नाव, वय, व्यवसाय, अविवाहित की घटस्फोटित की विधवा, राहण्याचा पत्ता, कायमचा पत्ता एवढं विचारलं आहे. फोटो कुठेही नाही. तरीही मी पाहिलेल्या प्रत्येक कचेरीत नोटिशीवर दोघांचे पासपोर्ट फोटो चिकटवलेले असतात. कुठे फोन नंबरही असतो. ‘पद्धत आहे मॅडम,’ एवढंच उत्तर मिळतं. पत्ता आणि चेहरा एकाच कागदावर, काचेच्या कपाटात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तीस दिवस. पोलीस ठाण्याच्या भिंतीवर फरारी आरोपींचे फोटो लावतात ते आठवा.

त्या बोर्डासमोर कोण उभं असतं हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. लग्न करणारी जोडपी तिथे थांबत नाहीत, मान खाली घालून पुढे जातात. थांबतात ती दोन-तीन तरुण पोरं. आठवड्यातून एकदा येतात, मोबाइल काढतात, आडनावं वाचतात, आणि मुलीचं आडनाव एका धर्माचं नि मुलाचं दुसऱ्या धर्माचं दिसलं की फोटो घेतात. कारकुनाला हे माहीत आहे, शिपायाला माहीत आहे, झेरॉक्सवाल्यालाही माहीत आहे. माझ्याकडे फोटो ठरवून गेलेली एक परिचारिका पोरगी होती. नोटिशीच्या पाचव्या दिवशी तिच्या वसतिगृहाच्या दारात तिचे दोन काका आणि चार अनोळखी माणसं उभी राहिली. काकांच्या मोबाइलवर बोर्डाचाच फोटो होता. एकतिसाव्या दिवशी कचेरीत मी, साक्षीदार आणि तो मुलगा असे तिघे बसून होतो. ती आली नाही. पुढे दोन वर्षांनी तिचं दुसरीकडे लग्न लावून दिल्याचं कळलं. ती जिवंत आहे, एवढ्यावर आपण समाधान मानायचं का?

आणि कायद्याची गंमत बघा. नोटीस न लावता अधिकाऱ्याने जाणूनबुजून लग्न लावलं तर त्याला एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण ती नोटीस टिपून मुलीच्या मागावर जाणाऱ्याला रोखणारा एक शब्दही या कायद्यात नाही. विनाकारण हरकत घेणाऱ्याला फार तर हजार रुपये खर्च भरायला लावता येतो. एका मुलीचं आयुष्य थांबवण्याची किंमत हजार रुपये!

केरळात या नोटिशा संकेतस्थळावर टाकल्या जात. तिथून आंतरधर्मीय जोडप्यांचे अर्ज फोटो-पत्त्यांसकट उचलून समाजमाध्यमांवर फिरवले गेले, तेव्हा जुलै २०२० मध्ये सरकारने संकेतस्थळावर नोटिशा टाकणं बंद केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये जोडप्यांच्या घरी नोटीस धाडण्याची पद्धत कायद्यात नाही म्हणून थांबवली. विधि आयोगाने २०१२ च्या २४२ व्या अहवालात ही मुदतच काढून टाकण्याच्या बाजूने मत दिलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी म्हटलं की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावं, सक्ती झाली तर ती व्यक्तिस्वातंत्र्यावर आणि खासगीपणावर घाला ठरेल. इतकं सगळं झालं, पण आमच्या कचेरीतलं काचेचं कपाट जागचं हललेलं नाही.

उलट आपल्या राज्यात काय झालं? डिसेंबर २०२२ मध्ये महिला व बालविकास विभागाने ‘आंतरजातीय, आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती’ नेमली. पळून जाऊन झालेल्या, नोंदणी केलेल्या लग्नांची माहिती गोळा करणं हे तिचं काम. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळला, ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. महिलांच्या कल्याणाचं खातं महिलांची यादी करायला निघालं! आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा हवा असं बजावलं होतं, त्याचं परिपत्रक काढायला याच राज्याला डिसेंबर २०२४ उजाडला.

भीती कुठे नेते

बोर्डाला घाबरलेलं जोडपं लग्न करायचं थांबत नाही. ते दुसरं दार शोधतं. कचेरीबाहेर स्टॅम्प व्हेंडरच्या शेजारी एजंट बसलेला असतो: ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज, फोटोसहित.’ हे कोर्ट मॅरेज नसतंच. मागच्या गल्लीतल्या एका हॉलमध्ये भटजी, हार, मंगळसूत्र, होम, सात पावलं आणि फोटोवाला असं सगळं तयार असतं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लागतं, मग त्याची नोंदणी होते. दोघांपैकी एक मुसलमान किंवा ख्रिस्ती असेल तर आधी ‘शुद्धीकरण’. म्हणजे धर्म न बदलता लग्न करता यावं म्हणून केलेला कायदा, स्वतःच्या बोर्डामुळे माणसांना धर्म बदलायला धाडतो.

या हॉलमधले फोटो मी काढत नाही, पण पाहिले पुष्कळ आहेत. नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात, विधींचे फोटो मागतात. पत्रिका पळून आलेल्यांकडे कुठून असणार? मग सगळी भिस्त फोटोवर. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं की, विधी झालेच नसतील तर केवळ प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. तेव्हापासून एजंटांची जरब आणखी वाढली आहे: ‘मंगळसूत्राचा फोटो पाहिजे. कुंकवाचा पाहिजे. सात पावलांचे सात पाहिजेत.’ जी मुलगी कुंकू लावणार नाही असं ठरवून घरातून निघाली, तिच्या कपाळावर फोटोसाठी कुंकू भरलं जातं. फोटोत ती हसते. हसावंच लागतं, नाहीतर उद्या बापाचा वकील म्हणेल, बघा, मुलगी खूश नव्हती.

‘मग बायकांचं संरक्षण?’

आपल्याच काही मैत्रिणी विचारतात की नोटीस काढली तर पहिली बायको घरी ठेवून दुसरं लग्न करणाऱ्या पुरुषाला रान मोकळं मिळेल, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. टाकलेल्या बायकांची प्रकरणं आपण सगळ्यांनी हाताळली आहेत. पण हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाला कुणाची नोटीस लागते? निकाहाला लागते? घरच्यांनी जातीत ठरवून दिलेल्या लग्नाला तीस दिवस बोर्डावर फोटो लावून कुणी विचारतं का, या मुलीच्या मनात आहे का? दुसरी लग्नं करणारे पुरुष बहुतेक वेळा वाजतगाजत मांडवातच करतात. खेड्यात राहणारी पहिली बायको जिल्ह्याच्या कचेरीत येऊन काचेचं कपाट वाचेल अशी अपेक्षा करणाऱ्याने एसटीचा प्रवास केलेला नसावा. बोर्ड वाचायला येतात ती पहारा देणारी टोळकी.

फसवणूक रोखायची तर मार्ग आहेत. दोघांकडून प्रतिज्ञापत्र घ्या. नोंदणीच्या दप्तरात आधीचं लग्न आहे का ते अधिकाऱ्यानेच तपासावं. दप्तर सरकारचं, शोध सरकारने घ्यावा. वयाचे दाखले नीट बघा. दुसऱ्या लग्नाला शिक्षा आहेच, भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली. मुलीवर मुलाचा दबाव आहे का अशी शंका असेल तर तिला एकटीला बसवून एखाद्या बाई अधिकाऱ्याने विचारावं. तेव्हा खोलीत ना तो असावा, ना तिचा भाऊ. पण तिचा चेहरा चव्हाट्यावर मांडून तिचं रक्षण होतं हे मला कुणी पटवून द्यावं.

आम्ही फोटो काढणाऱ्यांनी काय करावं

फोटोचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. ‘मुलगी बेशुद्ध होती, डांबून ठेवली होती’ अशी तक्रार येते तेव्हा लग्नाचं प्रमाणपत्र हा मुख्य पुरावा असतो आणि तिचा स्वतःचा जबाब सगळ्यांत मोठा. पण त्यांच्या जोडीला काही फोटो असले की पोलिसाचा आवाज खाली येतो. म्हणून मी ठरावीक फोटो घेतेच: तिचा हात सही करताना, चेहऱ्यासकट. तिन्ही साक्षीदार एका चौकटीत. मागे भिंतीवरचं घड्याळ नि कॅलेंडर. ती एकटी, कॅमेऱ्याकडे सरळ बघत. प्रमाणपत्र हातात. मग तिला हवे तेवढे तिच्या आनंदाचे. ज्या मुलीच्या अल्बममध्ये आई नाही, बहीण नाही, तिला मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलेला एक फोटो किती वर्षं पुरतो हे मला ठाऊक आहे. त्याला कुणी चैन म्हणू नये.

पण एकही फोटो तिच्या लेखी होकाराशिवाय माझ्या दुकानाच्या काचेत लागत नाही, मोबाइलवरून कुठे जात नाही. कचेरीच्या पाटीसकट, राहत्या घराच्या दारासकट, गाडीच्या नंबरासकट फोटो मी कुणाला देत नाही. एक संच मी तिच्या हातात देते, तिने सांगितलं तर दुसरा संघटनेच्या कपाटात जातो. होकार फक्त तिचा घ्यायचा. नवऱ्याने ‘टाका हो ताई, आमची काही हरकत नाही’ म्हटलं, तरी तो तिचा होकार होत नाही. ‘इलोपमेंट’च्या नावाने जाहिरात करणाऱ्या माझ्या धंद्यातल्या भावाबहिणींना एवढंच सांगणं आहे: ज्या जिन्यावर तुम्ही फुलांचा गुच्छ उडवता, त्याच जिन्याच्या वरच्या मजल्यावर बोर्ड आहे. एकदा तो वाचून या, आणि मग त्या शब्दाने माल विकायचा की नाही ते ठरवा.

आपण काय मागायचं

कायदा बदलायला संसद लागेल, आणि त्यासाठी लढावंच लागेल. नोटीस प्रसिद्ध करणं आणि तीस दिवसांची मुदत, दोन्ही रद्द झाली पाहिजेत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना याच कायद्याखाली लग्न करू द्यायला नकार दिला. त्यांच्यासाठी हे दार अजून बंदच आहे. आपली मागणी करताना त्यांना वगळून चालणार नाही.

पण काही गोष्टींना संसद लागत नाही. नोटिशीवरचा फोटो आणि फोन नंबर काढून टाकायला कायद्यातलं एक अक्षरही बदलावं लागत नाही, कारण ते कायद्यात नाहीतच. त्यासाठी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला लेखी विचारा: फोटो कुठल्या कलमाखाली लावता? माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर येईल ‘पद्धत’. मग ती पद्धत बंद करण्याचं निवेदन द्या, आणि उत्तर मिळेपर्यंत दर सोमवारी जा. नोटिशीचा कागद कायद्याने लावावाच लागतो तोवर त्याचे मोबाइलवर फोटो घेण्यावर बंदीची पाटी लावायला सांगा. वही पाहायला येणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही एका रजिस्टरमध्ये घ्यायला सांगा. लग्न करणाऱ्या मुलीचा पत्ता जगाला कळतो, मग तो शोधत येणाऱ्याचा का कळू नये? आपल्या जिल्ह्यात सुरक्षित निवारा आहे का, विशेष कक्षाचा फोन कोण उचलतं, हे कागदावर बघून थांबू नका, फोन लावून बघा. आणि ज्या दिवशी अशा जोडप्याचं लग्न असेल त्या दिवशी संघटनेच्या निदान तीन बायकांनी साक्षीदार म्हणून यावं. कायद्याला तीनच लागतात.

मुलीचा फोटो कुठे लागावा, कुणी बघावा, किती दिवस बघावा, हे ना सरकारने ठरवावं, ना बापाने, ना फोटोवाल्याने. सही तिची आहे. चेहराही तिचाच आहे.